धुराचा दाखला

(दुपारचे साडेचार. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली धूर तपासायची टपरी. आत संगणक, धूर मोजायचं यंत्र आणि एक स्टूल. बाहेर शाळेची पिवळी डिझेल व्हॅन, इंजिन चालू. टपरी चालवणारी ताई सायलेन्सरपाशी वाकलेली. व्हॅनमध्ये तिचा धाकटा भाऊ.)

ताई : रेस कर!

भाऊ : काय?

ताई : पाय दाब, पाय!

भाऊ : चाय? नको, आत्ताच घेतला!

ताई : अरे देवा. पाय रे! खाली! जोरात!

भाऊ : मग तसं नीट बोल ना. हं, घे!

ताई : अजून… सोड. परत दाब. सोड. पुरे, बंद कर. अरे, बंद कर म्हटलं ना!

भाऊ : केली बंद. ओरडतेस कशाला?

ताई : ओरडल्याशिवाय ऐकू येतं का तुला? उतर आणि आत ये. बघ पडद्यावर.

भाऊ : अठ्ठ्याऐंशी.

ताई : आणि पास व्हायला किती लागतात?

भाऊ : पासष्टच्या आत. माहितीये मला. तुझं यंत्र बिघडलंय.

ताई : सकाळपासून बावीस गाड्या झाल्या या यंत्रावर. तुझ्याच गाडीला बघून बिघडलं होय?

भाऊ : अगं, सगळं करून आणलंय मी. फिल्टर नवा टाकला, नोझल साफ करून घेतले, सकाळी सायलेन्सर आतून फडक्याने पुसला. हात घालून! कोपरापर्यंत काळा झालो होतो.

ताई : सायलेन्सर पुसलास?

भाऊ : हो. लख्ख.

ताई : छोट्या, दात घासल्याने पोट साफ होतं का रे?

भाऊ : चेष्टा नको करू. उद्या सकाळी शाळेच्या फाटकावर प्रत्येक गाडीचा दाखला बघणार आहेत. माझा आज संपतोय. अकरा पोरं आहेत ताई माझ्या गाडीत. काय सांगू त्यांना, चालत जा?

ताई : मी नापासाची पावती काढते. इंजिन खोलून बघ, मग परत आण.

भाऊ : आठ दिवस जातील त्यात! तू एक कर. सायलेन्सरमध्ये आणखी एकदा घाल ती यंत्राची नळी, मी जरा हलका पाय देतो, आणि तू…

ताई : आणि मी काय?

भाऊ : आणि तू बहिणीसारखी वाग जरा.

ताई : त्याचाच विचार करतेय.

भाऊ : हे बघ, हा काय आहे? गेल्या वेळचा दाखला, काचेवरून काढून आणलाय. साठ! स्वच्छ लिहिलंय, साठ! तुझी सही, तुझा शिक्का. सहा महिन्यांत साठाचे अठ्ठ्याऐंशी होतात? माणूससुद्धा इतक्या लवकर म्हातारा होत नाही.

काका : येऊ का रे आत? का भांडण संपल्यावर येऊ?

ताई : या काका, या. हे आमचं रोजचंच. स्कूटर ना? लावा इथे. हा माझा भाऊ, शाळेची व्हॅन चालवतो. आणि छोट्या, हे बॉयलरकाका. वीजकेंद्रात एकतीस वर्षं बॉयलरवर होते.

भाऊ : नमस्कार. बरं झालं तुम्ही आलात. तुम्हीच सांगा हिला, वीज कशी तयार होते ते.

काका : कोळसा जाळून. आमच्याकडे तरी. का बरं?

भाऊ : ऐकलंस? कोळसा जाळून! आणि मला म्हणतात, डिझेलची सोड आणि विजेची घे!

ताई : थांब, आधी काकांची स्कूटर होऊ दे. काका, चालू ठेवा नुसती, रेस नका करू. पेट्रोलच्या गाडीला तेवढं पुरतं.

भाऊ : बघा, पेट्रोलवाल्यांचे लाड. त्यांनी नुसतं उभं राहायचं, आम्ही छाती फुटेपर्यंत पळायचं.

ताई : पास. घ्या काका, पावती छापतेय.

काका : चला. म्हणजे माझी शुद्ध.

ताई : शुद्धबिद्ध काही नाही हं. पेट्रोलचा धूर दिसत नाही, एवढंच. त्यात जो विषारी वायू असतो, त्याला ना रंग ना वास. म्हणून तर बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका म्हणतात.

भाऊ : आणि तेवढंच अंतर जायला पेट्रोल जास्त लागतं, तेही सांग! माझी डिझेल एका लिटरमध्ये जास्त पळते. पृथ्वी तापवणारा तो जो वायू आहे, तो माझ्या गाडीचा कमी. मी वाचलंय.

ताई : बरोबर वाचलंयस. थोडा कमी. पण काजळी? आणि डोळ्यांत चुरचुरतो तो वायू? तो कुणाच्या छातीत जातो? पृथ्वी तापायला वेळ लागतो रे, पोराला खोकला यायला लागत नाही.

काका : ही काय विजेच्या गाडीची भानगड?

ताई : शाळेने ठरवलंय, जुन्या व्हॅन बदलायच्या. ज्याला हवी त्याला विजेची व्हॅन, जुनी जमा करायची. आठवडाभर चालवून बघा आणि मग हो-नाही सांगा. उद्या शेवटचा दिवस. ह्याने एक दिवस चालवली आणि दारासमोर कव्हर घालून ठेवून दिलीय. गळू झाकावं तशी झाकलीय तिला.

भाऊ : कारण मला फसवणूक आवडत नाही! ती गाडी धूर सोडत नाही म्हणे. सोडते ना! इथे नाही सोडत, काकांच्या चिमणीतून सोडते. माझा धूर निदान माझा तरी आहे. मागे वळून बघितलं की दिसतो.

काका : खरं आहे तो म्हणतोय ते. आमच्या वसाहतीत पांढरा सदरा वाळत घातला की संध्याकाळी करडा व्हायचा. माझी बायको म्हणायची, तुम्ही नोकरीवर गेलात तरी घरी आहात असंच वाटतं.

भाऊ : झालं! संपला विषय.

काका : संपला कसा? मी अजून कुठे बोललोय? आमची चिमणी शहराच्या बाहेर. तिच्या पोटात राख पकडायचं यंत्र, घरापेक्षा मोठं. नीट चालवलं तर बरीचशी राख तिथेच अडते. एका चिमणीला असं यंत्र लावता येतं. तू शहरातल्या प्रत्येक सायलेन्सरला लावशील?

भाऊ : पण कोळसा तो कोळसाच.

काका : कोळसाच. म्हणून तर सांगतो. गेल्या वर्षी माझा बॉयलर बंद केला. कायमचा. मला निरोप आला, या बघायला. गेलो. एकतीस वर्षं ज्याची घरघर ऐकली, तो थंड पडलेला. हात लावला तर नुसतं लोखंड. रडलो मी, खोटं कशाला बोलू?

ताई : बोलला नव्हतात कधी.

काका : काय बोलायचं? रडून बाहेर आलो, तर राखेच्या मैदानावर सगळीकडे काचेच्या निळ्या पाट्या. सौर. जिथे आम्ही राख टाकायचो तिथे. तिथल्या पोराला विचारलं, किती वीज देतात रे? म्हणाला, दिवसा तुमच्या बॉयलरच्या पाव. पाव तर पाव. धूर शून्य.

भाऊ : पाव म्हणजे काही पूर्ण नाही.

काका : नाहीच. पण एक लक्षात घे. तुझी डिझेल रोज एक दिवसाने जुनी होते आणि रोज थोडी जास्त धुरकट. विजेची गाडी पण जुनी होते. पण इकडे एक बॉयलर बंद झाला की ती जागच्या जागी थोडी स्वच्छ होते. तिला काही करावं लागत नाही.

भाऊ : आणि बॅटरी? बॅटरी काय झाडाला लागते? डोंगर खणतात त्यासाठी. म्हणजे ती गाडी एक किलोमीटरही चालायच्या आधी माझ्यापेक्षा जास्त धूर करून आलेली असते. बोल!

ताई : हो. असते.

भाऊ : काय?

ताई : हो म्हटलं. कारखान्यातून निघते तेव्हा तीच मागे असते. मग रोज थोडं थोडं भरून निघतं. घरात नुसती उभी राहिली तर कधीच नाही भरून निघणार. पण शाळेची व्हॅन? रोज चार फेऱ्या? काही वर्षांत तुला मागे टाकेल. टायर तिचेही झिजतात, ती धूळ उडतेच. खाणीत जे होतं त्याचं मला वाईट वाटतं. बॅटरी संपल्यावर ती परत नीट वितळवायला हवी, उकिरड्यावर नाही टाकायची. ती सोन्याची आहे असं नाही म्हणत मी. दोन्हींत कमी वाईट कोण, एवढंच बघतेय.

भाऊ : तूच अशी बोलायला लागलीस? अगं, सगळे विजेवर गेले तर तू काय तपासणार? टपरीत बसून माश्या मारशील!

ताई : तेव्हाचं तेव्हा. ब्रेक तपासीन, बॅटऱ्या तपासीन. परवा एक जण विजेची गाडी घेऊन आला होता दाखल्याला, तिला लागत नाही तरी. मी सवयीने नळी घेऊन मागे गेले आणि सायलेन्सर शोधत बसले. खाली वाकून, टॉर्च लावून! तो बिचारा म्हणाला, मॅडम, काही पडलं का तुमचं?

काका : हा हा! पडलं की. धंदा पडला.

ताई : हसले मी पण. मग घरी जाऊन महिन्याचा हिशेब मांडून बसले, नाही म्हणत नाही. पण छोट्या, दिवसभर ह्या सायलेन्सरांच्या मागे मी उभी असते. रात्री नाक शिंकरलं की काय निघतं ते मला माहीत आहे.

भाऊ : ते सगळं ठीक आहे. पण आत्ताचं बोल. उद्याचं. माझी गाडी चांगली आहे. साठ होती! हा कागद खोटा आहे का? मी पालकांच्या बैठकीत दाखवला हा. म्हटलं, बघा, चौदा वर्षांची गाडी आणि आकडा बघा! टाळ्या वाजवल्या लोकांनी.

ताई : टाळ्या वाजवल्या?

भाऊ : मग! हा कागद खोटा आहे का, सांग.

ताई : हो.

भाऊ : काय?

ताई : ह्या वेळी ऐकू आलंय तुला. खोटा आहे. गेल्या वेळी मी नळी अर्धीच आत घातली होती. बाहेरची हवा मिसळत होती. नीट घातली तेव्हा एकोणऐंशी आला होता, तो मी पुसला. तुझ्या घरी पाहुणे होते, तू घाईत होतास, म्हटलं जाऊ दे. सहा महिन्यांत दुरुस्त करून घेईल. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

भाऊ : तू? रांगेत पुढे घुसला म्हणून आपल्या मामाला परत पाठवलंस, ती तू?

ताई : ती मीच.

भाऊ : अगं, मी तो कागद काचेवर लावून फिरलो. लोकांना सांगत फिरलो, माझी बहीण आहे, पण सख्ख्या भावालाही सोडत नाही, म्हणून हा आकडा खरा!

ताई : नको रे सांगू. सहा महिने झोप नाही मला धड. सकाळी सव्वासातला तू ह्या कोपऱ्यावरून वळतोस, मी तेव्हा शटर उघडत असते. मागच्या काचेतून ते सगळ्यात धाकटं पोर मला हात हलवतं. रोज. आणि मागे तो काळा लोट. सहा महिने मी त्याला उलट हात हलवला नाही. कुलपाशी खटपट केल्याचं नाटक करते. लाज वाटते मला.

काका : पोरी…

ताई : राहू दे काका. म्हणून आज नाही. तू रागाव, बोलणं टाक, घरी येऊ नकोस. पण पुन्हा नाही.

भाऊ : रागावू कुठल्या तोंडाने? आत्ता तेच तर मागत होतो ना मी.

काका : हे बरं झालं. भांडणाऱ्यांपैकी एक जण खरं बोलला की दुसऱ्याचाही घसा मोकळा होतो. तुझं काय रे? कोळसा झाला, बॅटरी झाली. आता खरं कारण सांग. ती गाडी झाकून का ठेवलीस?

भाऊ : सांगितलं की सगळं.

ताई : छोट्या.

भाऊ : हसाल तुम्ही.

ताई : हसले तर हसले. सांग.

भाऊ : त्या दिवशी मी वेळेवर निघालो. पहिल्या घरासमोर थांबलो. थांबलो, थांबलो… कुणी येईना. मला वाटलं, आजारी असेल पोरगं. दुसऱ्या घरी गेलो, तिथेही कुणी नाही. तिसऱ्या घरी तेच. मग चौथ्या घरातल्या आजी खिडकीतून म्हणाल्या, आज व्हॅन नाही का हो आली? मी त्यांच्या समोर उभा!

ताई : म्हणजे?

भाऊ : म्हणजे गाडीचा आवाज नाही ना! चौदा वर्षांत मी एकदाही हॉर्न वाजवलेला नाही, कुणाच्या दाराशी. गरजच नव्हती. माझी गाडी वळणावर आली की अख्ख्या गल्लीला कळायचं, पोरं बूट घालून बाहेर. आणि मी मूर्खासारखा गप्प गाडीत बसून वाट बघतोय! पुन्हा पहिल्यापासून फेरी मारली, प्रत्येक घराची बेल वाजवली. शाळेत पंचवीस मिनिटं उशीर. फाटकावर सगळ्यांसमोर माफी मागितली मी.

काका : अरेरे. खरंच हसू येतंय, पण हसत नाही.

भाऊ : हसा हो. मला त्या दिवशी वाटलं, ही पोरं मला ओळखतच नाहीत. इंजिनाला ओळखतात.

ताई : एवढंच?

भाऊ : एवढंच नाही.

ताई : मग?

भाऊ : ती गाडी चालते, तर आत काहीच आवाज नाही. तर मागचं सगळं ऐकू येत होतं मला. पहिल्यांदा. एक पाढे म्हणत होता, चुकत होता. दोघी कुणाच्या तरी मांजरीला पिल्लं झाली ते सांगत होत्या. एक नवीन पोरगं आहे, आठवड्यापूर्वी आलेलं. त्याने दोन वेण्यावालीला विचारलं, काकांना सांगू का, खिडकी लावा म्हणून? तर ती म्हणाली, नको सांगू. काका बहिरे आहेत.

ताई : अगं बाई.

भाऊ : पुढे ऐक. म्हणाली, त्यांना काही ऐकू येत नाही, आपण कितीही बोललो तरी ते बोलत नाहीत. पण चांगले आहेत. चांगले आहेत, म्हणाली गं.

काका : मग तू काय केलंस?

भाऊ : खिडकी लावली. बोललो काहीच नाही. मग दुपारी घरी सोडताना… पहिलं पोर उतरलं आणि म्हणालं, येतो काका. दुसरं उतरलं, येते काका. अकराच्या अकरा! येतो काका, येते काका. ताई, ही काय त्या दिवशी नवीन शिकली होती का? रोज म्हणत असणार. चौदा वर्षं जी जी पोरं बसली, ती सगळी म्हणून गेली असणार, आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. इंजिनात काही ऐकूच आलं नाही मला. दाराशी नुसतं तोंड हलताना दिसायचं, मला वाटायचं आपापसात बोलतायत.

ताई : म्हणून झाकून ठेवलीस.

भाऊ : दुसऱ्या दिवशी डिझेल काढली. जोरात रेस केली. काही ऐकू येऊ नये म्हणून.

काका : तो थंड बॉयलर बघायला गेलो ना, त्या दिवशी मला तिथे चिमण्यांची चिवचिव ऐकू आली. एकतीस वर्षं त्या तिथेच होत्या म्हणे.

ताई : छोट्या, त्या व्हॅनची बॅटरी भरलीय का?

भाऊ : भरलीय. कव्हर घातलं तरी रोज लावून ठेवतो. का ते विचारू नकोस.

ताई : नाही विचारत. ही नापासाची पावती. मागची बाजू कोरी आहे, हे पेन. नावं लिही.

भाऊ : कुणाची?

ताई : अकरा जणांची. उद्या दाराशी हाक मारशील ना? इंजिन नाही बोलावणार आता.

भाऊ : नावं… एक दोन वेण्यावाली. एक चष्मेवाला. एक पाढेवाला…

ताई : अरे, नावं!

भाऊ : नावं नाहीत गं माहीत. शाळेच्या यादीत असतील. घरी आहे यादी. आज पाठ करतो.

काका : पाढ्यांसारखी कर. चुकलास तर ती दोन वेण्यावाली चूक सुधारून देईल.

भाऊ : आणि उद्या ती उतरताना येते काका म्हणाली की मी ये गं म्हणणार. ती दचकेल नाही?

ताई : दचकू दे. आणि सकाळी वळणावर त्या धाकट्याला सांग, टपरीकडे बघ म्हणून. मी कुलपाशी नसेन उद्या.

भाऊ : सांगतो. हळू सांगितलं तरी ऐकू जाईल त्याला.

काका : चला, माझं काम कधीच झालंय, उगाच बसलोय. येतो रे.

भाऊ : या काका, या!

ताई : ओरडतोस कशाला एवढा? गाडी बंद आहे.